दोनशे तेरावा नग

सकाळी माझ्या टेबलावर एक व्हॉल्व्ह ठेवलेला होता. त्यात नवल काही नाही, सव्वीस वर्षं माझ्या टेबलावर व्हॉल्व्हच असतात, फुलं कोण ठेवणार. पण हा प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, पिशवीला तांबडी चिठ्ठी होती, आणि तांबडी चिठ्ठी म्हणजे परत आलेला माल. गिझरच्या टाकीत दाब वाढला तर तो बाहेर सोडायचा, एवढंच या जिनसेचं काम. अंगठ्याएवढा पितळी तुकडा, आत स्प्रिंग, वर एक खटका. टाकी फुटायच्या बेताला आली की यानं तोंड उघडायचं. यानं उघडलं नव्हतं. सोबत तक्रारीचा फॉर्म होता: टाकी फुटली, न्हाणीघराची भिंत तडकली, गृहस्थांची पाठ भाजली, इस्पितळात आहेत, धोका टळला. खाली छापील रकाना होता, घरातील माणसं, आणि त्यात कुणीतरी निळ्या शाईनं एक हा आकडा घातला होता. मी तो फॉर्म दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा त्या एकापाशीच अडकले. पाठ भाजलेल्या माणसाला स्वतःच्या पाठीला स्वतःच मलम कसं लावता येईल, असलं काहीतरी भलतंच डोक्यात आलं. मग लॉटचा नंबर पाहिला. तो लॉट मी पास केला होता. एवढंच असतं तर ठीक, हजारो पास केलेत. पण हा लॉट मला आठवत होता.

लॉट आठवायचे नसतात. पाचशे नग येतात, पंचवीस ट्रे, एका ट्रेत वीस. त्यातले वीस नग मी काढते, दाबयंत्रावर चढवते, ठरल्या दाबाला उघडतात का पाहते, आणि मग फुटेस्तोवर दाब देते. वीसच्या वीस उघडले की लॉट पास, माझी सही, शिक्का, माल बाहेर. गंमत अशी की ज्या वीस नगांची आम्हाला पक्की खात्री असते, नेमके तेच वीस भंगारात जातात. लोकांच्या घरी लागतात ते उरलेले चारशे ऐंशी, ज्यांना आम्ही हातही लावलेला नसतो. मी हे एकदा कँटीनमध्ये बोलून दाखवलं तर पॅकिंगच्या बायका हसल्या. म्हणाल्या, अहो, शितावरून भाताची परीक्षा, सगळा भात चिवडून बघतात का कोणी? पण आमच्या आईचा भात वरून मऊसूत आणि तळाला करपलेला असायचा. ती नेहमी वरचंच शीत चेपून बघायची आणि झाला म्हणायची. तळाचा भात ताईच्या ताटात जायचा, कारण तिनं कधीतरी सांगून टाकलं होतं की मला करपलेलाच आवडतो. आईनं ते खरं मानलं, मीही मानलं. चाळीसेक वर्षं मानत आले, म्हणजे बघा.

कुठले वीस काढायचे हे आपण ठरवायचं नसतं. त्यासाठी आकड्यांचं एक पुस्तक आहे, पानंच्या पानं नुसते आकडे, ना ओळ ना अर्थ. डोळे मिटून पान उघडायचं, बोट टेकवायचं, तिथून खाली तीन-तीन आकडे वाचत जायचं. पाचशेच्या वर गेला तो आकडा सोडायचा, आत आला त्या नंबरचा नग काढायचा. हे मला शिकवलं आमच्या जुन्या तपासनिसांनी. सगळा कारखाना त्यांना गणितमास्तर म्हणायचा, पाठीमागे आणि पुढ्यातही. मी नवी होते, नोकरीचा तिसरा की चौथा आठवडा, आणि एका ट्रेमध्ये एक नग मला उगीच वाकडा दिसला. हौसेनं मी तो विसांत एकविसावा म्हणून घातला. तो फेलही झाला. मला वाटलं शाबासकी मिळेल. मास्तरांनी माझा तक्ता घेतला, उभा फाडला, आडवा फाडला, आणि नव्यानं वीस काढायला लावले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, इथे कुणावर डोळा ठेवायचा नाही आणि कुणावर मायाही करायची नाही. नजर लागली की हिशोब बिघडला." माझ्या आधीच्या तपासनिसाचं एका पुरवठादाराशी वाकडं होतं म्हणे, त्याचे बरे लॉटही तो वाईट नग हुडकून हुडकून नापास करायचा. त्या माणसाचं वर्कशॉप बंद पडलं. तेव्हापासून हे पुस्तक. आणि त्या एकविसाव्याचं काय झालं म्हणाल, तर नव्या विसांत एकही वाईट निघाला नाही आणि लॉट पास झाला.

खरं सांगायचं तर ते पुस्तक मला फार आवडलं. कुणाला देव आवडतो, कुणाला सिनेमातला नट, मला आकड्यांचं पुस्तक. कारण घरात कायम निवड व्हायची आणि निवडली कायम ताईच जायची. पाहुणे आले की आई म्हणायची, थोरले, ये गं, म्हणून दाखव एक गाणं. ताईचा गळा असा की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबत. मी दाराच्या कडेला ट्रे घेऊन उभी, पाण्याचे पेले सांभाळत. कुणी वाईट वागलं नाही मला, खोटं कशाला बोलू. फक्त कुणाचा हात माझ्यापर्यंत कधी पोचला नाही. शाळेत तेच, ऑफिसात तेच, लग्नाच्या वयात तर काही विचारूच नका. आणि इथे हे पुस्तक, ज्याला तोंड नाही, डोळे नाहीत, देखणं-कुरूप कळत नाही. त्याच्यापुढे पाचशेच्या पाचशे सारखे. मला वाटायचं, जगात न्याय असलाच तर तो असाच असणार, तीन-तीन आकड्यांचा. पाचशेपैकी चारशे ऐंशींपर्यंत याचाही हात पोचत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि मी ते बाजूला ठेवलं असेल.

तर तो लॉट. आठ महिन्यांपूर्वीचा. पुस्तकानं सांगितलं दोनशे चौदा. म्हणजे अकरावा ट्रे, चौदावा खण. खण तेव्हा आवळ बनवले होते, शेजारचा उचलल्याशिवाय मधला निघत नसे. म्हणून मी तेरावा उचलला, डाव्या हातात धरला, आणि धरताना अंगठा त्याच्या खटक्यावर पडला. खटका वर गेला. खाली येताना टक असा आवाज व्हायला हवा. तो आला नाही. खटका सावकाश, गुडघे दुखणारं माणूस जमिनीवर बसतं तसा, थांबत थांबत खाली बसला. खटक्याच्या पोटाला ओतकामाचा एक बारीक दाणा राहिला होता, तोही अंगठ्याला टोचला. हे सगळं मिळून किती, दोन सेकंद. तेवढ्यात मला सगळं कळलं होतं, सव्वीस वर्षांचा अंगठा आहे, त्याला काय कळायचं राहतं. मी चौदावा काढला, माझ्या ताटलीत ठेवला, आणि तेरावा होता तिथे परत ठेवला. नीट, तोंड वर करून. कारण तो पुस्तकात नव्हता. चौदावा झकास निघाला. वीसही झकास निघाले. मी सही केली, आणि संध्याकाळी घरी जाऊन भाजी निवडताना अंगठा उगाच पदराला पुसत राहिले, हे मला स्पष्ट आठवतं.

आज त्या पिशवीकडे बघताना माझ्या मनात आधी काय आलं असेल? लाज वाटते सांगायला, पण सुटल्यासारखं वाटलं. आठ महिने तो तेरावा कुठे ना कुठे होता, कुणाच्या तरी न्हाणीघरात, आणि आता परत आला होता. त्या गृहस्थांची पाठ भाजली, ते वाईटच, पण जिवावर बेतलं नाही, आणि माझ्या मागचं शुक्लकाष्ठ संपलं. मी चिठ्ठी सोडवली, व्हॉल्व्ह तळहातावर घेतला. खटका हलतच नव्हता, क्षार साचून घट्ट झाला होता. मग अंगठा त्याच्या पोटाखाली सरकवला. गुळगुळीत होता. पुन्हा फिरवला. चष्मा लावला, दिव्याखाली धरला, नखानं कोरून पाहिलं. दाणा नव्हता, कधी असल्याची खूणही नव्हती. हा तेरावा नव्हताच. हा पाचशेतला दुसराच कुणीतरी होता, ज्याला मी कधी शिवलेही नव्हते. आणि तेरावा अजून बाहेर होता. मी खुर्चीत बसले. समोरच्या दाबयंत्राचा काटा शून्यावर होता. पलीकडे पॅकिंगच्या बायका कशावरून तरी हसत होत्या, आणि एवढ्या मोठ्या शेडमध्ये ही गोष्ट ठाऊक असलेली मी एकटी होते, कुणाला हाक मारून सांगावी असंही कुणी नव्हतं.

साहेबांनी बोलावलं तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायची होती. आमचे साहेब पस्तिशीचे, माणूस वाईट नाही, फक्त घाईत असतो. त्यांच्यापुढे माझाच तक्ता होता. म्हणाले, वीसपैकी शून्य, अगदी नियमात आहे, पाचशेत एखादा असा निघतोच, त्याला आपला इलाज नाही. आमच्याकडे नियम असा: एका लॉटमधून एक वाईट निघाला तर तो योगायोग धरतात, गिऱ्हाइकाला नवी टाकी देतात आणि फाईल बंद. दोन निघाले तर अख्खा लॉट परत मागवायचा, एकेका घरी पत्र पाठवून. त्यांनी एक छापील निवेदन पुढे सरकवलं: तपासणी नियमाप्रमाणे झाली, तपासणीच्या वेळी सदर लॉटमध्ये काही दोष आढळला नाही. खाली माझ्या सहीची जागा. मी वाचलं. आढळला नाही. शब्द कसा निवडलाय बघा, आढळण्यासाठी आधी विसांत असावं लागतं. मी म्हटलं, साहेब, घरी नेऊन वाचते, उद्या देते. त्यांनी जरा विचित्र बघितलं. मॅडम, चार ओळी आहेत, म्हणाले. मी म्हटलं, डोळे दुखतायत. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या बाईचे डोळे दुखले तर कुणी हटकत नाही.

घरी येताना मी फुटपाथच्या कडेनं चालत राहिले, बस सोडली. वरच्या मजल्यांवर न्हाणीघरांच्या चिंचोळ्या खिडक्या असतात ना, त्यांच्याकडे बघत चालले होते. एकेका खिडकीला दुधी काच, आत पिवळा दिवा, कुठे पाणी पडल्याचा आवाज. चारशे ऐंशी न्हाणीघरं. एक गेलं, उरली चारशे एकोणऐंशी, आणि त्यातल्या एकात तो थांबत थांबत खाली बसणारा खटका. कुणी लहान मूल असेल तिथे, कुणी आजारी माणूस. कुणी एकटंच असेल. मी मनाशी हुज्जत घालत होते. म्हटलं, मी नियम मोडला का? नाही. मास्तर असते तर काय म्हणाले असते? बरोबर केलंस म्हणाले असते. मग? नियम बरोबर, पुस्तक बरोबर, मी बरोबर, आणि तरी एका माणसाची पाठ भाजलीय, आणि दुसऱ्या कुणाची तरी पाळी आहे. सांगायचं तर काय सांगायचं? की मला माहीत होतं आणि मी पाठवलं? त्यावर कोण म्हणेल की बाईनं नियम पाळला. म्हणतील, बाईनं जाणूनबुजून केलं. तेही खोटं नाही, हाच तर वैताग.

घरात शिरले, दिवा लावला. माझ्याकडे दोन खुर्च्या आहेत, दुसरीवर मी पिशवी ठेवते. निवेदन टेबलावर ठेवलं, पेन काढलं, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग काय मनात आलं कोण जाणे, ताईला फोन लावला. ताई दुसऱ्या गावी असते, भावोजी गेल्यापासून एकटीच. आमचं ठरलेलं आहे, रविवारी सकाळी दहाला. सात वर्षांत मी एकही रविवार चुकवलेला नाही. ताई कशी आहेस? मी मजेत, तू? मीही मजेत. गुडघा, शेजारीण, बाजारातले भाव, कुणाचं लग्न ठरलं, आणि एखादी जुन्या गाण्याची ओळ ती गुणगुणून दाखवते, मग ठेवू? ठेव. दहा-बारा मिनिटं. ठेवला की मला बरं वाटतं, ताई ठीक आहे. आज बुधवार होता. घंटा वाजत राहिली. मी मोजत होते, मोजायची खोड आहे. अकराव्या घंटेला उचलला आणि पलीकडून एक आवाज आला तो मला ओळखूच आला नाही, जड, घोगरा, थांबत थांबत वर येणारा.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, कुणी गेलं नाही, मीच आहे. ती म्हणाली, बुधवारी फोन आला म्हणजे कुणीतरी गेलंच असं वाटलं. मी सवयीनं म्हणून गेले, बरी आहेस ना? तिनं लगेच उत्तर दिलं नाही. रविवारी ती लगेच देते.

"रविवारची मी बरी असते गं, धाकटे," ती म्हणाली. "शनिवारी गोळी घेऊन झोपते. सकाळी केस विंचरते, गरम पाणी पिते, खोलीत फिरत स्वतःशीच बोलून घेते. तासाभरानं घसा सुटतो. मग तुझा फोन येतो."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस कोण ऐकतंय?"

हे ती रडून म्हणाली नाही, हसूनच म्हणाली, तळाचा भात आवडतो म्हणायची तश्शीच. माझा अंगठा फोनच्या कडेवर दाबला जाऊन पांढरा पडला होता. मागच्या वर्षी एका रविवारी, मला आता आठवलं, तिची गाण्याची ओळ मध्येच अडली होती, एक क्षण, आणि मग परत लागली. मला ते ऐकू आलं होतं. ऐकू आलं होतं आणि मी म्हटलं होतं, मग ठेवू? मला तिची इतकी आठवण येत होती की ती फोनवर आहे हेही पुरेना. मग मी म्हटलं, शनिवारी येते तुझ्याकडे. तर म्हणाली, शनिवारी कशाला, रविवारी ये ना, मी तयार असते. मी म्हटलं, नाही, शनिवारीच, आणि तयार राहू नकोस. बरं, म्हणाली. जरा थांबून पुन्हा म्हणाली, बरं. फोन तिनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही, शेवटी तिला खोकला आला आणि फोन कट झाला.

सकाळी साहेबांच्या आधी मी त्यांच्या केबिनबाहेर उभी होते. निवेदनावर सही केली नव्हती. मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या अक्षरात लिहिलं होतं: अकरावा ट्रे, तेरावा खण, लॉटमधला दोनशे तेरावा नग. खटका परत येताना अडखळला. खटक्याच्या पोटाला ओतकामाचा दाणा. नमुन्यात नसल्यानं तपासला नाही. मला कळलं होतं. परत आलेला नग हा नव्हे. दोनशे तेरावा अजून बाहेर आहे. शेवटची दोन वाक्यं लिहिण्यात रात्रीचं जेवण राहून गेलं होतं. साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. म्हणाले, मॅडम, अंगठ्याला वाटलं हा पुरावा होत नाही. मी म्हटलं, पुरावा नसेल, पण दुसरा आहे. एक योगायोग म्हणाला होतात, हा दुसरा. त्यांनी विचारलं, याचा अर्थ तुम्हाला कळतो ना, तुमच्यावर काय येईल ते? मी म्हटलं, कळतो. ते खिडकीबाहेर बघत बसले. मग फोन उचलून डिस्पॅचला सांगितलं, त्या लॉटचे पत्ते काढा, सगळे, आज संध्याकाळपर्यंत पत्रं गेली पाहिजेत, ज्यांचे फोन नंबर आहेत त्यांना आत्ता फोन करा. मी खुर्चीची पाठ धरली.

मी जायला वळले तर त्यांनी थांबवलं. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, एक विचारू? सव्वीस वर्षांत असे किती परत ठेवले असतील तुम्ही?"

मला वाटलं होतं की एकच आहे. खरंच वाटलं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अंगठा आपोआप बोटांवरून फिरायला लागला, काही मोजताना फिरतो तसा. एक फार हलका लागला होता, त्या वर्षी ज्या वर्षी मास्तर निवृत्त झाले. एकाची स्प्रिंग करकरली होती. एकाला चीर होती, की नव्हती, पावसाळी उजेड होता. आठवतील तेवढे लिहून देते, मी म्हटलं. साहेबांनी खणातून एक कोरा कागद काढून दिला. मी माझ्या टेबलाशी येऊन बसले, आकड्यांचं पुस्तक बाजूला सारलं आणि पहिल्या ओळीवर दोनशे तेरा लिहिलं. त्याच्याखाली दुसरा. मग तिसरा. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा कागद भरला होता, आणि मी केबिनच्या दारात जाऊन दुसरा मागितला.